नऊ बास्केटचा माळ: छोट्या डिस्क गोल्फ कोर्सचं चांगलं काय, वाईट काय

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगावजवळच्या उचगावच्या पलीकडं, चंदगड तालुक्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात पोरांनी तात्यांच्या पडीक माळावर नऊ बास्केट बसवून डिस्क गोल्फचा कोर्स केलाय. दिवाळीच्या सुट्टीत पुण्याकडचे काही खेळाडू येऊन खेळले आणि जाताना म्हणाले की छान आहे पण फार लहान आहे, पोरखेळ वाटतो, अठरा होल करा नाहीतर बाहेरचं कोण येणार नाही. आता पोरं वर्गणी काढायच्या तयारीत आहेत आणि मला विचारतायत की काका, आपल्या कोर्समध्ये चांगलं काय, वाईट काय, आणि अठरा करावेत का.

अठरा करू नका. आहेत त्या नऊमधले तीन होल बदला, पायवाटेचा प्रश्न मिटवा, मग बघू कोण काय म्हणतंय ते. का ते सविस्तर लिहितो, लांबेल थोडं, चहा घेऊन बसा.

मी हा खेळ मिशिगनला शिकलो, कास्टिंगच्या कामामुळं तिकडं राहणं झालं तेव्हा. तिथं गावोगावच्या पार्कात बास्केट असतात, बऱ्याच ठिकाणी फी पण नाही, संध्याकाळी माणसं कुत्रं घेऊन येतात, एक राऊंड टाकून जेवायला घरी जातात. परत आल्यावर इथं जिथं जागा मिळेल तिथं छोटे कोर्स आखायला मदत करतोय, आणि तुमच्या माळावर पावसात पण खेळलोय आणि उन्हाळ्यात पण, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही. ज्यांनी पहिल्यांदाच ऐकलं त्यांच्यासाठी एवढंच की टीवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, फ्रिसबीसारखी चकती म्हणजे डिस्क फेकायची, पडेल तिथून परत फेकायची, साखळ्यांच्या बास्केटमध्ये बसेपर्यंत किती फेका लागल्या ते मोजायचं, एक टी ते एक बास्केट म्हणजे एक होल, ज्याच्या कमी तो जिंकला. पहिला कायमचा कोर्स कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कात १९७५ साली एड हेड्रिक यांनी आखला आणि तिथं सुरुवातीला बास्केट नव्हत्याच, नुसते खांब होते, खांबाला डिस्क लागली की होल झाला. साखळीची बास्केट त्यांनी नंतर काढली, आणि १९७६ ला या खेळाची संघटना पीडीजीए निघाली, जिचे नियम आज जगभर चालतात. म्हणजे सुरुवातच मुळात तुमच्यापेक्षा कमी सामानात झालीय, त्यामुळं "आमचं काय, साधंच आहे ओ" असं म्हणायचं आधी बंद करा.

आधी चांगलं सांगतो. तुमच्या माळाचा उतार ही खरी कमाई आहे, आणि पुण्याच्या मंडळींनी बहुतेक अंतरंच बघितली, उतार मोजलाच नाही. ढोबळ हिशोब असा धरतात की एक मीटर चढ म्हणजे साधारण तीन मीटर जादा अंतर, उताराला तेच उलट. तुमचा तीन नंबर टेपवर ४८ मीटर भरतो पण बास्केट टीपासून पाच-सहा मीटर उंच, त्या जांभ्याच्या उंचवट्यावर आहे, म्हणजे खेळायला तो ६५ मीटरच्या आसपासचा होल झाला. चढावर फेकताना माणूस हमखास डिस्कचं नाक वर करतो, मग ती हवेतच थबकते आणि डावीकडं घसरत पायाशी येऊन पडते. वर पोचलात तरी सुटका नाही कारण बास्केटच्या मागं लगेच उतार आहे, जोरात पट, म्हणजे बास्केटमध्ये घालायची जवळची फेक, मारला आणि साखळी चुकली की डिस्क कडेवर उभी राहून घरंगळत खाली, आणि मग दोनचे पाच कधी झाले कळत नाही. मिशिगनमध्ये असा एखादा होल असला की लोक त्याला शिव्या घालत घालत परत परत खेळायला येतात. या होलला हात लावायचा नाही, फक्त चढायच्या वाटेवरची माती पावसात वाहून चाललीय तिथं आडवे दगड लावून घ्या, नाहीतर दोन पावसाळ्यात तिथं ओघळ पडेल आणि बास्केटचा पाया उघडा होईल.

सात नंबर त्याच्या बरोब्बर उलटा. ९५ मीटर, पण टी वर आणि बास्केट आठेक मीटर खाली, म्हणजे सत्तरच्या आसपास खेळतो. नवीन पोरगं साधारण ४५ ते ६० मीटर फेकतं, त्याची डिस्क पण इथं बास्केटच्या जवळपास जाऊन पडते आणि ते खूश होतं, तर चांगल्या खेळाडूला वाटतं सोपं आहे म्हणून तो जोर लावतो आणि वारा त्याला धडा शिकवतो. समोर वैजनाथचा डोंगर, खाली भाताची खाचरं, फोटो काढायला पण हाच होल. पुण्याच्या पाहुण्यांनी सगळ्यात जास्त फोटो इथंच काढलेत, मी बघितलेत, मग पोरखेळ कसा म्हणाले कुणास ठाऊक.

आता वारा. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा कसा असतो ते बेळगावच्या माणसाला सांगायला नको, छत्री उलटी होते. आणि थंडीत तोच वारा बऱ्याच दिवशी पूर्वेकडून येतो. समोरून वारा आला की डिस्क जास्त उचलली जाते आणि आहे त्यापेक्षा जास्त वळते, म्हणजे उजव्या हातानं बॅकहँड मारणाऱ्याची डिस्क उजवीकडं झुकत जाते, हलकी किंवा जुनी झिजलेली असेल तर पार कलंडतेच. मागून वारा आला की उलट, वळायचं विसरते, लवकर खाली बसते आणि डावीकडं पडते. तुमचा चार नंबर पश्चिमेकडं तोंड करून आहे, डाव्या हाताला शेजाऱ्यांचा ऊस. म्हणजे पावसात वारा तुम्हाला उसापासून लांब ढकलतो आणि थंडीत तोच होल तुम्हाला उसात घालतो. शिवाय ऊस तुटून गेला की धोकाच संपला, मैदान मोकळं, आणि खोडवा वाढेल तसा होल परत अवघड होत जातो. एकाच ८० मीटरच्या होलाचे वर्षात तीन अवतार, फुकटात. मोठमोठ्या कोर्सवर असली विविधता आणायला बास्केटच्या तीन-तीन जागा करून ठेवतात, तुम्हाला ती शेजारची शेती करून देते. हे मुद्दाम लिहितोय कारण उद्या कुणी सांगेल की ऊस अडचणीचा आहे, चार नंबर तिथून हलवा. नका हलवू. मात्र त्या उसाचा एक नियम पक्का करा, तो पुढं सांगतो.

दोन नंबर, काजूच्या बागेतला, हा माझा सगळ्यात आवडता. ६२ मीटर, पण काजूचं झाड बुटकं, फांद्या खालपर्यंत आलेल्या, वर जायला जागाच नाही, तेव्हा डिस्क डोक्याच्या उंचीखालून सपाट आणि सरळ न्यावी लागते. इथं जोराचं काही काम नाही. माझा अनुभव असा की लांब फेकणारी पोरं इथं चार-चार घेतात आणि एखादी शांतपणे पटर, म्हणजे जवळच्या फेकीची डिस्क, टाकणारी पोरगी तीनमध्ये बाहेर पडते. फक्त एक अडचण तुमच्या डोक्यात आलेली दिसत नाही: डिसेंबरपासून काजूला मोहोर येतो आणि डिस्क लागून तो झडतो. तात्या अजून काही बोलले नाहीत हा त्यांचा मोठेपणा, पण त्यांचं उत्पन्न आहे ते. मोहोर धरल्यापासून काजू वेचून होईपर्यंत हा होल बंद ठेवा आणि तेवढ्यापुरती बास्केट बागेच्या बाहेर, बांधाच्या कडेला लावा. होल आवडता असला तरी हे ऐकाच.

आणि लहान असण्याचा फायदा. तीन माणसं पाऊण तासात नऊ होल करून मोकळी होतात, डेअरीला दूध घालायच्या वेळेच्या आत. शाळेची पोरं, त्यांचे आईबाप, रिटायर झालेले मास्तर, सगळे एकाच टीवरून खेळू शकतात. डिस्क पण जास्त लागत नाहीत. डिस्कवर चार आकडे असतात, वेग, तरंगणं, वळणं आणि शेवटचं पडणं, त्यातला पहिला वेगाचा. पटर दोन-तीनचा, मधल्या पल्ल्याचा मिडरेंज चार-पाचचा, आणि ते धारदार कडेचे लांब पल्ल्याचे ड्रायव्हर बारा-तेरा-चौदाचे. आपली पोरं ऑनलाइन व्हिडिओ बघून सरळ बाराचा ड्रायव्हर मागवतात, तोही बाहेरून येणारा, महागाचा, आणि त्याला लागतो तेवढा वेग हातात नसला की तो नुसता डावीकडं जाऊन आपटतो. तुमच्या कोर्सला एक पटर आणि एक मिडरेंज भरपूर झालं. गावातल्या पोराला एका डिस्कवर खेळता येतं ही साधी गोष्ट नव्हे. दुकानात एका पोत्यात दहा-बारा जुन्या डिस्क ठेवा, येणाऱ्यानं घ्याव्यात, जाताना परत टाकाव्यात. लहान मुलांसाठी दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या हलक्या बघा. पीडीजीएची मर्यादा व्यासाच्या प्रत्येक सेंटीमीटरला ८.३ ग्रॅम अशी आहे, म्हणून २१.२ सेंटीमीटरची डिस्क १७६ ग्रॅमच्या आसपास जाते आणि तेवढी जड डिस्क चौथीतल्या पोराच्या हाताला झेपत नाही.

रंगाचं पण सांगून ठेवतो, लोक विसरतात. आपल्या तांबड्या मुरमावर लाल आणि केशरी डिस्क दिसत नाही, पावसात हिरवी-पिवळी गवतात गायब होते. गुलाबी किंवा आकाशी घ्या, बारा महिने दिसते.

आता वाईट, आणि इथं मी गोड बोलणार नाही.

सहा नंबर आहे तसा एक दिवसही चालू ठेवू नका. वाडीतून देवळाकडं जाणारी पायवाट त्याच्या मधून जाते, आणि टीवरून ती वाट दिसत नाही कारण मधे चढाचा उंबरठा आहे. १७० ग्रॅमची टणक कडेची डिस्क चांगल्या हातातून ताशी ८०-९० किलोमीटरनं सुटते, ती डोक्याला लागली तर काय होईल याचा विचार करा. आणि त्या वाटेनं कोण जातं? सकाळी शाळेची पोरं, संध्याकाळी डोक्यावर वैरणीचा भारा घेतलेल्या बायका. भारा घेतलेल्या बाईला मान वळवून बघता येत नाही, ओरडलं तरी कुठून आलं ते कळत नाही. तुम्ही म्हणाल आम्ही एक पोरगं वर उभं करतो. रोज कोण उभं राहणार मर्दा, चार दिवस राहील, पाचव्या दिवशी मोबाईल बघत बसेल. यावर बोर्ड लावून उपयोग नाही, होलची दिशाच फिरवायची. टी पायवाटेच्या वरच्या अंगाला, वाटेपासून निदान वीस-पंचवीस पावलं आत घ्या आणि वाटेकडं पाठ करून माळाच्या आतल्या बाजूला फेका. मी तिथं चालून बघितलंय, निलगिरीच्या रांगेपर्यंत साठेक मीटर मिळतात. चढाचा थरार जाईल, जाऊ दे. एकदा कुणाला लागलं की सहा नंबरच काय, सगळा कोर्सच दुसऱ्या दिवशी उखडला जाईल आणि उखडणाऱ्यांना मी नाव ठेवणार नाही. बाकी कुठंही डिस्क भरकटली की मोठ्यानं ओरडायची सवय लावा. तिकडं "फोर" म्हणतात, इथं "बाजूऽऽ" म्हटलेलं पटकन कळतं.

दुसरी चूक चार आणि पाचची. पाच नंबर चारच्या शेजारून समांतर परत येतो. पावसात चारवर आणि थंडीत पाचवर वारा समोरून येतो, बॅकहँड उजवीकडं झुकतो, म्हणजे एका होलवर फेकणाऱ्याच्या डिस्क दुसऱ्यावर चालणाऱ्यांच्या अंगावर. गर्दी नसताना कळत नाही, रविवारी दोन ग्रुप आले की कळतं. मधे झाडं लावा म्हणणारे भेटतील, पण झाड वाढायला पाच-सात वर्षं. त्यापेक्षा पाचची टी चारच्या बास्केटपासून वरच्या अंगाला घ्या आणि होल तिरका वर चढवा, बास्केट निलगिरीच्या टोकाला. मग सहाची नवीन टी पण जवळ येते, चालायचं कमी होतं.

तिसरी गोष्ट म्हणजे माझ्या मते कोर्सचं खरं दुखणं, आणि हे लांबीशी संबंधित नाही. तुमचे एक, चार, पाच, सात आणि नऊ, पाचही होल एकाच फेकीनं खेळता येतात: उजव्या हातानं बॅकहँड, जरा उजवीकडं सोडायची, शेवटी आपोआप डावीकडं येते. दोन सरळ, तीन चढाचा, आठ ओढ्यावरचा. उजवीकडं वळणारा एकही होल नाही. म्हणून तुमची पोरं दोन वर्षं खेळून पण फोरहँड, म्हणजे उजवीकडं वळणारी सुलट्या हाताची फेक, मारायला शिकली नाहीत, कारण कोर्सनं त्यांना कधी मागितलाच नाही. पुण्याच्या लोकांना "लहान" वाटलं ते बहुतेक यामुळंच, त्यांना शब्द सापडला नसेल. नऊ होलात निदान दोन तरी उजवीकडं वळले पाहिजेत आणि एक तरी असा पाहिजे की जिथं दोन रस्ते दिसतात, धोक्याचा आणि सुरक्षित, आणि माणूस टीवर उभा राहून डोकं खाजवतो. याला पैसे लागत नाहीत. नऊ नंबर सध्या सपाट, ५० मीटर, रटाळ. त्याची टी दहा पावलं डावीकडं नेऊन जांभळाच्या झाडामागं घ्या. झाड उजवीकडची वाट अडवतं, मग उजव्या हाताच्या माणसाला फोरहँड मारावा लागतो नाहीतर बॅकहँड उलट्या कलानं सोडावा लागतो. डावखुऱ्या माणसाला मात्र त्याचा रोजचा बॅकहँडच तिथं बसतो, एवढे दिवस बिचारे तुमच्या कोर्सवर उलटंच खेळत होते. तिरका केलेला पाच नंबर पण निलगिरीमुळं उजवीकडं वळेल, झाले दोन. आणि आठवर ओढ्याच्या अलीकडं थांबायला दहा मीटर जागा साफ करा, म्हणजे ज्याला धाडस नाही तो अलीकडं टाकेल, दुसरी पलीकडं मारेल, तीनमध्ये निघेल. धाडस करणारा दोनमध्ये निघेल किंवा ओल्या पायानं.

टीबद्दल. सध्या नुसता मुरूम ठोकलाय, पावसात बॅडमिंटनचे बूट घालून आलेली पोरं घसरून पडतात आणि उन्हाळ्यात पुढच्या पायाच्या जागी खड्डा. तुम्ही वर्गणीतून सिमेंटचे टी घालणार असं ऐकलं, थांबा. होल हलवायचे आहेत तोपर्यंत सिमेंट ओतू नका. गोठ्यात म्हशींखाली टाकतात ती रबरची मॅट घ्या, दोन मॅट लांबीत लावल्या की चारेक मीटर लांबी मिळते, रुंदी चार फूट, पळत येऊन फेकायला पुरते. खाली सपाट करून कडेनं खुंट्या मारा. कारखान्याचा जुना कन्व्हेअर पट्टा भंगारात मिळाला तर अजून छान, पण जड असतो, सात नंबरपर्यंत न्यायला ट्रॅक्टर लागेल. कडप्पा अजिबात नको, ओला झाला की त्यावर उभं राहता येत नाही. वर्षभर खेळून जागा पक्क्या वाटल्या तर मग सिमेंट घाला आणि ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढा.

बास्केट बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, करून घेतल्यात, दिसायला दणकट आहेत, पण साखळ्यांची एकच ओळ आहे. मधोमध जोरात मारलेला पट साखळ्या फाकवून पलीकडं निघून जातो, आणि बरोबर मारून पण गेला की खेळणाऱ्याचं डोकं फिरतं. आत लहान गोलावर दुसरी ओळ लावून घ्या, बाहेरच्या साखळ्यांच्या फटीत येईल अशी. डिस्क पडते त्या खालच्या टोपलीच्या कठड्याची उंची जमिनीपासून ८२ सेंटीमीटरच्या आसपास असावी लागते, तुमच्या काही उंच आहेत, काही खाली बसल्यात, एकदा टेप घेऊन फिरा. रंग दिलाय तो एका पावसात सुटला, आपल्या पावसाला ऑइल पेंट पुरत नाही, गॅल्वनाइझिंग करा, खर्च एकदाच. आणि वेल्डिंगचे काटे घासून घ्या, डिस्क काढताना बोटं कापतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बास्केटचा खांब सिमेंटमध्ये पक्का करू नका. जमिनीत जाड पाइपचा तुकडा गाडा आणि खांब त्यात उभा करून कुलूप लावा. काजूच्या हंगामात दोन नंबर हलवायचा आहेच, तीन नंबरभोवती गवत मेलं की चार पावलं सरकवता येते, आणि जागा तात्यांची आहे हे पण लक्षात ठेवा. आज ते "खेळा की रे, फक्त गुरं सोडूलोय तवा जरा थांबा" म्हणतात, पण बेळगावच्या पश्चिमेला प्लॉट कसे पडूलेत ते तुम्ही रोज बघता. उद्या त्यांच्या पोरांनी काही ठरवलं तर नऊ बास्केट ट्रॉलीत घालून दुसऱ्या माळावर नेता आल्या पाहिजेत. जमलं तर साध्या कागदावर वर्षाचं बोलणं लिहून घ्या, भाडं नको म्हणाले तरी त्यांच्या बांधाचं एखादं काम तुम्ही पोरांनी करून द्या.

नियमांचं तुमच्याकडं अगदीच ढिलं आहे आणि भांडणं त्यावरूनच होतात. ऊस म्हणजे आऊट ऑफ बाउंड्स, बांध ही रेघ. डिस्क पूर्ण बांधापलीकडं गेली तर एक फेक दंड, आणि जिथून शेवटची रेघ ओलांडली तिथून एक मीटरपर्यंत आत घेऊन पुढं खेळायचं. डिस्क काढायला उसात घुसायचं नाही, मालकाला विचारून एकानंच सरीतून जायचं, वाढलेला ऊस चौघांनी तुडवला तर पुढच्या वेळी डिस्क नाही, काठी बाहेर येईल. हरवलेली डिस्क शोधायला नियमानं तीन मिनिटं मिळतात, मग ती हरवली, एक दंड आणि आधीच्या जागेवरून परत. तीन मिनिटं पाळा, नाहीतर मागचा ग्रुप ताटकळतो. काजूत दोन मीटरच्या वर अडकली तर दंड धरायचा की नाही हे खेळायच्या आधी ठरवायचं असतं, माझं मत विचाराल तर दंड धरू नका, फांद्यांचं छत आहे त्या होलवर तेवढी शिक्षा पुरे. बास्केटपासून दहा मीटरच्या आत पट मारल्यावर तोल सांभाळून मागं उभं राहायचं, पुढं पडायचं नाही, तुमच्यातले निम्मे पुढं पळतात. आणि बास्केटच्या टोपीवर जाऊन बसलेली डिस्क होल झाली म्हणून धरत नाहीत, कितीही जोरात टाळ्या वाजवल्या तरी.

करवंदाच्या जाळीत हात घालायच्या आधी काठीनं हलवा. आपल्या माळावर घोणस असते, दिसत नाही, आणि डिस्कपेक्षा हात महाग आहे. गांधीलमाशांचं पोळं शेजारी असेल तर नियम पण दंडाशिवाय बाजूला घ्यायला परवानगी देतो, तिथं शूरपणा नको.

बोर्ड नाहीत ही बाहेरून येणाऱ्याची मोठी अडचण. मी पहिल्यांदा आलो तेव्हा पाचची टी शोधत सातवर पोचलो. प्रत्येक टीजवळ एक फळी, होलचा नंबर, अंतर, बास्केटकडं बाण आणि बास्केटपाशी पुढच्या टीकडं बाण. मराठी-कन्नड दोन्ही लिहा, आपल्याकडं बोर्डावरून काय काय होतं ते माहीत आहे, आणि बाण सगळ्यांनाच वाचता येतो. गेटजवळ पिण्याच्या पाण्याचा पिंप, आणि जवळच्या शाळेशी किंवा देवळाशी बोलून स्वच्छतागृहाची सोय. हा नुसता सोयीचा प्रश्न नाही, पोरींच्या खेळण्याचा आहे, स्वच्छतागृह नसलं की पोरी दोनदा येतात आणि तिसऱ्यांदा येत नाहीत, मी इतर ठिकाणी बघितलंय.

आता अठराचं. एका होलला साधारण एक एकर धरतात, छोट्या होलला अर्ध्यात भागतं, तुमच्याकडं सगळी मिळून पाचेक एकर. त्यात अठरा कोंबले की सगळेच चार-पाच नंबरसारखे एकमेकांच्या अंगावर येणार. त्याऐवजी त्याच नऊ बास्केटला दुसऱ्या टी काढा. पांढऱ्या खुंट्यांच्या जवळच्या, लाल खुंट्यांच्या लांबच्या किंवा दुसऱ्या कोनातल्या. पहिला फेरा पांढऱ्यावरून, दुसरा लालवरून, झाले अठरा. एकची लाल टी गेटच्या पलीकडून ८५ मीटरला बसते, चारची बांधाच्या कोपऱ्यातून ११० ला, म्हणजे ज्याला ड्रायव्हर मारायची हौस आहे त्याची पण सोय झाली. पुण्याच्या पाहुण्यांचं एक म्हणणं मात्र खरं आहे, ते मान्य करा: मोकळा लांब हात सोडायला तुमच्याकडं आज एकही होल नाही, आणि ज्याला स्पर्धा खेळायच्या आहेत त्याला कधीतरी बाहेर जाऊन ते शिकावं लागेल. पण जवळची फेक आणि पट, ज्यावर निम्म्याहून जास्त खेळ जातो, ते शिकायला तीन नंबरसारखी जागा त्यांनाही सहज मिळणार नाही.

कामाचा क्रम असा धरा. सहा नंबर आजच बंद, बास्केटला पोतं बांधा म्हणजे कुणी चुकून पण खेळणार नाही. ऊस तुटला की चार-पाच मोकळे दिसतात, तेव्हा टेप आणि खुंट्या घेऊन पाच, सहा, नऊच्या जागा ठरवा आणि महिनाभर नुसत्या खुंट्यांवर खेळून बघा, सिमेंट नाही, काही नाही. मॅट आणि गॅल्वनाइझिंग मेच्या आत, कारण एकदा पाऊस लागला की माळावर ट्रॉली जात नाही. काजूच्या तारखा तात्यांना विचारून घ्या, माझ्या अंदाजावर जाऊ नका. नवीन सहाची टी आखायच्या दिवशी वाडीतल्या एक-दोन बायकांना पण बोलवा, त्या कुठून कुठं आणि कधी जातात ते त्यांनाच जास्त माहीत.